हॉलचं बुकिंग आदल्या दिवशी दिसतंय? रॅडिकेल कॅलेंडर सर्व्हरवरचा साडेपाच तासांचा घोळ

सोसायटीच्या ऑफिसात रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर रॅडिकेल, म्हणजे एकच कॅलेंडर सगळ्यांच्या फोनवर पोचवणारं सॉफ्टवेअर, बसवलं जातं. हॉलचं बुकिंग, लिफ्टचा मेन्टेनन्स, टाकी धुण्याची तारीख, कमिटीची मीटिंग असं सगळं एका कॅलेंडरवर येतं, आणि पंधरा दिवसांत पहिली तक्रार येते. २२ नोव्हेंबरचा साखरपुडा ऑफिसच्या स्क्रीनवर २१ला दिसतो, किंवा सकाळी दहाची मीटिंग दुपारी साडेतीनला जाऊन बसते. कोणीतरी ती एक नोंद हाताने नीट करतं. पुढच्या बुकिंगला परत तेच.

हा दोष पुन्हा पुन्हा येतो, कारण दुरुस्ती भलत्याच जागी होते. बहुतेक जण आधी सर्व्हरचा टाइमझोन बदलतात, मग सर्व्हर रीस्टार्ट करतात, मग सगळ्यांना फोनमधलं अकाउंट काढून परत टाकायला लावतात. पण फोनने किंवा संगणकाने पाठवलेली वेळ रॅडिकेल बदलत नाही. जशी आली तशी फाइलमध्ये ठेवतं आणि मागणाऱ्याला तशीच देतं. म्हणून पहिलं काम एकच: डिस्कवरची फाइल उघडून वाचायची. चूक फाइलमध्येच असेल तर ती लिहिणाऱ्याची आहे. फाइल बरोबर असेल तर ती दाखवणाऱ्याची. हे ठरल्याशिवाय कुठलीही सेटिंग बदलू नका.

फाइल कुठे सापडते

(फाइलींची आणि सेटिंगची नावं प्रत्यक्षात रोमन लिपीत असतात. इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.)

लिनक्सवर नेहमीच्या पद्धतीने बसवलं असेल तर व्हार, त्यात लिब, त्यात रॅडिकेल, त्यात कलेक्शन्स, त्यात कलेक्शन-रूट असा रस्ता आहे. कलेक्शन-रूटमध्ये प्रत्येक लॉगिनचं एक फोल्डर, त्यात प्रत्येक कॅलेंडरचं एक फोल्डर, आणि त्यात प्रत्येक नोंदीची वेगळी आयसीएस फाइल. ही साधी टेक्स्ट फाइल असते, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. शोधकामाला रॅडिकेल सोपं जातं ते यामुळेच, इथे डेटाबेसच्या तक्त्यांत शिरावं लागत नाही.

ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने शोधताना एक अडचण येते. आयकॅलेंडर या आयसीएस फाइलींच्या मांडणीच्या नियमाप्रमाणे ओळ ७५ बाइट्सच्या पुढे गेली की मोडून पुढच्या ओळीवर न्यायची असते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, मात्रा आणि वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे नोंदीच्या नावाच्या ओळीत २२ चिन्हांनंतरच मोड येते. ‘तळमजला हॉल साखरपुडा कुलकर्णी’ असं नाव असेल तर ‘कुलकर्णी’ शोधून हाती काहीच लागणार नाही, कारण तो शब्द दोन ओळींत तुटलेला असतो. त्यापेक्षा तारीख शोधा.

याच मोडीतून आणखी एक तक्रार येते: नावात मधेच प्रश्नचिन्हाचे चौकोन दिसणं. एखाद्या हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टने ओळ बरोबर ७५व्या बाइटवर कापली आणि तो बाइट एका चिन्हाच्या मधोमध आला, तर काही ॲप ते अक्षर परत जोडू शकत नाहीत. ओळ नेहमी पूर्ण चिन्हावर मोडायची, ७५च्या आत कुठेही मोडली तरी चालते.

फाइलमधली वेळ वाचायची कशी

कमिटीची मीटिंग १३ सप्टेंबर २०२६ला सकाळी १० वाजता असेल तर फाइलमध्ये सुरुवातीची वेळ तीन प्रकारे लिहिलेली असू शकते.

डीटीस्टार्ट;टीझेडआयडी=एशिया/कोलकाता:२०२६०९१३टी१००००० ही सगळ्यात चांगली पद्धत. डीटीस्टार्ट म्हणजे सुरुवात, टीझेडआयडी म्हणजे टाइमझोन.

डीटीस्टार्ट:२०२६०९१३टी०४३०००झेड हेही बरोबर. शेवटचा झेड म्हणजे यूटीसी, जगाची संदर्भवेळ, आणि आपले दहा म्हणजे तिथले साडेचार.

डीटीस्टार्ट:२०२६०९१३टी१००००० यात झेड नाही आणि टाइमझोनही नाही. याला तरंगती वेळ म्हणतात, बघणारा जिथे असेल तिथले दहा. मुंबईत सगळं ठीक दिसतं. पण दुबईत राहणारा फ्लॅटमालक ऑनलाइन वार्षिक सभेला बसणार असेल, तर त्याला तिथले दहा दिसतात, म्हणजे आपले साडेअकरा. तो दीड तास उशिरा येतो आणि दोष लिंकला देतो.

आता तक्रारीवरून निदान. दहाची नोंद साडेतीनला दिसत असेल तर फाइलमध्ये १०००००झेड सापडेल. आपल्या वेळेला कोणीतरी उगाच झेड चिकटवला आहे. हे काम बहुतेक वेळा एक्सेलवरून किंवा बुकिंगच्या फॉर्मवरून नोंदी बनवणाऱ्या स्क्रिप्टचं असतं.

दहाची नोंद पहाटे साडेचारला दिसत असेल तर दोन शक्यता. फाइलमध्ये ०४३०००झेड असेल तर फाइल बरोबर आहे, दाखवणारं यंत्र यूटीसीवर चालतंय. ऑफिसच्या भिंतीवरचा टॅबलेट किंवा डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, चालणारं डॅशबोर्ड ही नेहमीची ठिकाणं. तिथेच टाइमझोन बदला, फाइलला हात लावू नका. पण फाइलमध्ये आदल्या तारखेचे २३००००झेड सापडले तर साडेपाच तास दोनदा वजा झालेत: एकदा स्क्रिप्टने केले, एकदा ती वापरत असलेल्या लायब्ररीने.

टाइमझोनच्या यादीत मुंबई शोधत बसू नका. भारतासाठी एशिया/कोलकाता हाच एक झोन आहे. मुंबईची स्वतंत्र वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायची, ती १९५५ साली संपली. एशिया/कलकत्ता हे त्याच झोनचं जुनं नाव, तेही चालतं. आउटलुककडून आलेल्या आमंत्रणात मात्र ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ असं विंडोजचं नाव असू शकतं. काही ॲपना ते कळत नाही आणि ती वेळ तरंगती किंवा यूटीसी समजली जाते. तिथे नाव एशिया/कोलकाता करायचं.

दिवसभराची नोंद आदल्या दिवशी

हॉलचं बुकिंग दिवसभराचं असतं, त्यामुळे तिथे घोळ आणखी वाढतो. दिवसभराच्या नोंदीत वेळ नसायला हवी, फक्त तारीख हवी: डीटीस्टार्ट;व्हॅल्यू=डेट:२०२६११२२.

आपल्याकडची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा. स्क्रिप्टने २२ नोव्हेंबरची मध्यरात्र धरून ती २०२६११२१टी१८३०००झेड अशी लिहिली, तर मुंबईतल्या फोनवर नोंद २२लाच दिसते. पण यूटीसीवरच्या स्क्रीनला ती २१ तारखेला संध्याकाळी दिसते. एका ठिकाणी बरोबर आणि एका ठिकाणी चूक, म्हणून ही लवकर सापडत नाही.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे फाइलमध्ये थेट व्हॅल्यू=डेट:२०२६११२१ असणं. तेव्हा चूक सगळ्यांना सारखीच दिसते. वेबफॉर्म असेल तर जावास्क्रिप्टमधलं टू-आयएसओ-स्ट्रिंग हे फंक्शन आधी तपासा. ते स्थानिक मध्यरात्र यूटीसीत नेतं, आणि त्यातली पहिली १० अक्षरं कापून तारीख घेतली की भारतात ती नेहमी एक दिवस मागची येते. वर्ष, महिना, दिवस स्थानिक फंक्शनने वेगवेगळे घ्या आणि जोडा. तीन ओळींची दुरुस्ती आहे आणि ती केल्याशिवाय बाकी काहीही करून हा दोष जाणार नाही.

शेवटची तारीखही तपासा. दिवसभराच्या नोंदीत डीटीएंड, म्हणजे शेवटाच्या ओळीतला दिवस, धरला जात नाही. हॉल २२ आणि २३ असे दोन दिवस हवा असेल तर डीटीएंड २४ लागतो. २३ लिहिलं तर दुसरा दिवस मोकळा दिसतो आणि त्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या तरी बारशाचं बुकिंग घेतलं जातं. लोकांचे पैसे आणि आमंत्रणं यात अडकलेली असतात, तेव्हा ही एक ओळ नीट बघा.

दर आठवड्याच्या आणि दर महिन्याच्या नोंदी

पहाटे साडेपाचच्या आधीची कुठलीही साप्ताहिक नोंद यूटीसीत लिहू नका. दर रविवारी पहाटे ५ वाजता टाकीचा पंप तपासायचा असेल, तर यूटीसीत ती वेळ शनिवारी रात्री साडेअकराची होते. पुनरावृत्तीच्या ओळीत मात्र बायडे=एसयू, म्हणजे रविवार, तसाच राहतो. मग मोजणी होते यूटीसीतल्या रविवारी रात्री साडेअकराची, आणि आपल्याकडे आठवण वाजते सोमवारी पहाटे. पहिली नोंद बरोबर दिसते आणि दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्या एक दिवस पुढे. टाइमझोनसकट लिहिली की प्रश्नच मिटतो.

कमिटीची मीटिंग दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असेल तर पुनरावृत्ती फ्रीक=मंथली;बायडे=२एसयू. सप्टेंबर २०२६चा दुसरा रविवार १३ तारखेला येतो आणि १४ला गणेश चतुर्थी आहे. निम्मी कमिटी गावी, उरलेली मूर्ती आणायला. ती मीटिंग रद्द केली की फाइलमध्ये एक्सडेट नावाची ओळ तयार होते. ही ओळ मूळ वेळेशी तंतोतंत जुळावी लागते. इथेच एक फसगत होते: मूळ चुकीची वेळ, समजा १०००००झेड, तुम्ही दुरुस्त केली पण एक्सडेट जुन्याच रूपात राहिलं, तर रद्द केलेली मीटिंग परत उगवते. एखाद्या महिन्यापुरती वेळ बदलली असेल तर रिकरन्स-आयडी, म्हणजे कुठली मूळ नोंद बदलली ते सांगणाऱ्या ओळीचंही तेच. मूळ वेळ बदलताना डीटीस्टार्ट, एक्सडेट आणि रिकरन्स-आयडी या तिन्ही ओळी एकत्र बदला.

ऑफिसच्या कॅलेंडरवर लंडनच्या लोकांबरोबरची साप्ताहिक मीटिंग असेल तर ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेसहावरून साडेसातला जाते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर परत येते. ती बिघडलेली नाही. तिकडचं घड्याळ बदलतं, आपलं बदलत नाही.

आणि तिथीच्या सणांना ‘दरवर्षी’ लावू नका. गणेश चतुर्थी २०२४ला ७ सप्टेंबर, २०२५ला २७ ऑगस्ट, २०२६ला १४ सप्टेंबर. दरवर्षी पंचांग बघून सुट्या नोंदी टाकायच्या, दुसरा मार्ग नाही.

आधीच बिघडलेल्या नोंदी कशा सुधारायच्या

आधी चुकीचं लिहिणारी स्क्रिप्ट थांबवा. मग रॅडिकेलची सर्व्हिस बंद करा, कलेक्शन्सचं पूर्ण फोल्डर टार करून (एका फाइलमध्ये बांधून) दुसऱ्या डिस्कवर ठेवा, आणि मगच फाइली बदला. यूआयडीची, म्हणजे नोंदीच्या ओळखक्रमांकाची, ओळ तशीच राहू द्या. ती बदलली की फोनला ती नवीन नोंद वाटते. नोंदी नव्याने आयात करण्यापेक्षा फाइल जागेवर सुधारणं बरं: मजकूर बदलला की नोंदीचा ई-टॅगही (आवृत्तीची खूण) बदलतो आणि पुढच्या सिंकला फोन नवीन प्रत आपोआप उचलतो.

रूट, म्हणजे लिनक्सचा सर्वाधिकारी युजर, म्हणून एडिट केल्यावर फाइलची मालकी बघायला विसरू नका. काही एडिटर फाइल नव्याने लिहितात आणि ती रूटच्या नावावर जाते. मग रॅडिकेलला ती वाचता येत नाही, आणि त्या एका फाइलपायी अख्खं कॅलेंडर सिंक होत नाही. मालकी परत रॅडिकेल या युजरला द्या, त्याच युजरने ‘रॅडिकेल --व्हेरिफाय-स्टोरेज’ चालवा. खराब फाइल असेल तर तिचं नाव तिथे येतं. मग सर्व्हिस सुरू करा.

फोनला कॅलेंडरच सापडत नसेल

हे वेळेच्या आधीचं दुखणं. रॅडिकेल मूळ सेटिंगमध्ये फक्त स्वतःच्याच यंत्रावरून आलेली मागणी ऐकतं, पोर्ट ५२३२वर. ऑफिसच्या वायफायवरून पोहोचायचं असेल तर रॅडिकेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सर्व्हर विभागात होस्ट्स=०.०.०.०:५२३२ लागतं. आवृत्ती ३.५.०पासून लॉगिनचा प्रकार ठरवून दिला नाही तर सगळ्यांना नकार मिळतो. आधी उलट होतं, कुणीही आत यायचं. त्यामुळे अपडेटनंतर अचानक कुणालाच आत जाता येत नसेल तर ऑथ विभागात टाइप=एचटीपासडब्ल्यूडी (पासवर्डच्या फाइलवरून लॉगिन) आहे का ते बघा. पासवर्डच्या फाइलला बीक्रिप्ट ही पासवर्ड लपवण्याची पद्धत वापरा.

एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर रॅडिकेलच्या पुढे ठेवून उपफोल्डरवर चालवत असाल तर एक्स-स्क्रिप्ट-नेम हा हेडर हवाच. तो नसेल तर वेबपान उघडतं पण फोनला मिळणारे पत्ते अर्धवट असतात आणि ४०४ येतो. मोठी आयसीएस चढवताना ४१३ आला तर तो एन्जिनएक्सचा आहे, त्याची मूळ मर्यादा फक्त १ एमबी असते. ४०९ बहुतेक वेळा तीच यूआयडी त्याच कॅलेंडरमध्ये दुसऱ्यांदा टाकल्यामुळे. ४१२ म्हणजे दोघांनी एकच नोंद बदलली आणि तुमच्याकडची प्रत जुनी आहे, परत सिंक करा.

राइट्सच्या, म्हणजे कुणाला काय करता येईल ते ठरवणाऱ्या, फाइलमध्ये वरून खाली पहिला जुळलेला विभाग लागू होतो, पुढचे बघितलेच जात नाहीत. मोठा आर आणि छोटा आर यांचा अर्थही वेगळा: मोठा फोल्डरसाठी, छोटा कॅलेंडरच्या आतल्या नोंदींसाठी. सभासदांना फक्त वाचायला द्यायचं असेल तर छोटा आर द्या आणि त्या कॅलेंडरचा पूर्ण पत्ता द्या, दुसऱ्या लॉगिनचं कॅलेंडर फोन आपणहून शोधत नाही.

घरून चालत नसेल तर राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान सुरू होत असेल तर केबलवाल्याने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची मागणी आतल्या यंत्राकडे वळवणं) कितीही केलं तरी उपयोग नाही. बाहेर एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यातून वायरगार्डचा, म्हणजे खाजगी सुरक्षित जोडणीचा, बोगदा काढा. पायच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह (जोडणी जागती ठेवणारी सेटिंग) २५ सेकंद ठेवलं नाही तर थोड्या वेळाने तो निपचित पडतो.

दर तीन महिन्यांनी सिंक बंद

सुरक्षित जोडणीसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट हा प्रोग्राम ते मुदतीच्या महिनाभर आधी नवं करतो, पण एन्जिनएक्स रीलोड झाला नाही तर तो जुनंच दाखवत राहतो आणि मुदत संपते त्या दिवशी सगळे फोन गप्प होतात. नूतनीकरणाच्या डिप्लॉय-हुकमध्ये (नवं सर्टिफिकेट आल्यावर आपोआप चालणाऱ्या भागात) रीलोडची आज्ञा टाका. सेटिंगमध्ये सर्ट नव्हे तर फुलचेन ही फाइल द्या, नाहीतर संगणकावर चालतं आणि अँड्रॉइडवर अडतं.

पावसाळ्यात वीज जाऊन आली आणि सिंक थांबलं, तर पायचं घड्याळ बघा. पाय ५च्या आधीच्या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही आणि ५मध्ये बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज आली तेव्हा राउटर उशिरा सुरू झाला तर पाय जुन्याच तारखेत जागी होते, आणि तिच्यावरून बाहेर जाणारी सुरक्षित जोडणी फसू शकते. पाय आणि राउटर दोन्ही एकाच यूपीएसवर ठेवा.

सर्व्हर ठीक, फोन मागे

डॅव्ह-एक्स-फाइव्ह हे अँड्रॉइडवरचं सिंकचं ॲप मूळ सेटिंगमध्ये दर ४ तासांनी सिंक करतं. सकाळी घेतलेलं बुकिंग वॉचमनच्या फोनवर दुपारी दिसतं ते त्यामुळे, १५ मिनिटं करा. बॅटरी वाचवण्याच्या यादीतून ते ॲप बाहेर काढा, आणि फोनमध्ये ऑटोस्टार्टची परवानगी वेगळी असेल तर तीही द्या. ‘जुनी बुकिंगं उडाली’ अशी तक्रार आली तर घाबरू नका. ते ॲप ९० दिवसांपूर्वीच्या नोंदी फोनवर ठेवत नाही, सर्व्हरवर त्या असतात. मर्यादा अकाउंटच्या सेटिंगमध्ये बदलते.

सगळं झाल्यावर तीन चाचणी नोंदी टाका: पुढच्या महिन्यात दोन दिवसांचं हॉलबुकिंग, दर रविवारी पहाटे पावणेपाचची एक, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहाची, ज्यातला एक महिना रद्द केला आहे. संगणकावरचं थंडरबर्ड, एक अँड्रॉइड, एक आयफोन आणि ऑफिसची स्क्रीन या चारही ठिकाणी पुढचे तीन महिने उघडून बघा. पावणेपाचची नोंद दुसऱ्या आठवड्यातही रविवारीच आहे का, हे सगळ्यात आधी.